हळद धुतल्यावर

कटंगी
९ जानेवारी

तुळसा,

जयभीम. माझा नंबर दिसला की तुझा फोन वाजतच नाही, म्हणून ही चिठ्ठी पवनच्या हाती पाठवते आहे. तुमसरच्या गाडीवरचा कंडक्टर, आपल्याच वॉर्डातला. त्याला बजावलं आहे, तुळसाबाईच्या हातातच दे, महेंद्ररावांच्या देऊ नको, ते खिशात घालून विसरतील. फाडायची असेल तर वाचून मग फाड.

लोकेशला मुलगा झाला. मंगळवारी, उजाडता उजाडता. मागच्या साली मंजुषाचं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, ते तुझ्या कानावर आलंच असेल. त्यानंतर ती पोर हसायचंच विसरली होती. या वेळी नऊ महिने मी तिला पाण्याची कळशी उचलू दिली नाही. आता बाळ तिच्या कुशीत आहे आणि मी घरात अशी फिरते आहे, जणू मीच बाळंत झाले. हसू नकोस.

काल दुपारीच सुट्टी करून दोघांना घरी आणलं. नर्स आढेवेढे घेत होती. मंजुषाचं रक्त निगेटिव्ह आहे, बाळावर नजर ठेवावी लागते, आणखी दोन दिवस राहा म्हणाली. नाहीच राहायचं तर तिसऱ्या दिवशी आणून दाखवा, असं तिने लोकेशकडून दोनदा वदवून घेतलं. दाखवू की. पण दवाखान्याच्या खाटेवर बाळंतिणीला शेक कोण देणार? ही थंडी कशी आहे, तुला ठाऊक आहे. सकाळी वाटाण्याच्या वेलांवर पांढरा थर असतो.

मागची खोली तयार केली. खिडकीत गोधडी कोंबली, फटीत चिंध्या घातल्या, खाटेखाली शेगडी ठेवली. आत हात दिसत नाही इतका अंधार. बाळाला सकाळ-संध्याकाळ हळद आणि कोमट तेल मीच चोळते. डोक्यापासून तळव्यापर्यंत, भरपूर. शेगडीच्या उजेडात सोन्याच्या मूर्तीसारखं दिसतं.

छठी मात्र पुजणार नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते. शेजारची गीता विचारत होती, "पाचवी-छठी करसान ना वं सत्यभामाबाई?" मी म्हटलं, आमच्यात ते बंद आहे. पण हळद हा काही देव नाही, ते औषध आहे. लोक एकतर सगळंच टाकतात, नाहीतर सगळंच धरून बसतात. निवडून घ्यायला अक्कल लागते आणि ती विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्षाला असावी, एवढी तरी माझी अपेक्षा आहे.

आता विषय निघालाच आहे तर सांगते. चार वर्षांपूर्वी तू माझ्याकडे राहायला होतीस, तेव्हा मी तुला विहारात बोलले ते सगळ्यांसमोर बोलले, हे खरं. पण रामपायलीच्या देवळात जाऊन महेंद्ररावांच्या दुखण्याचा नवस तू सगळ्यांसमोरच फेडला होतास. अध्यक्षाची सख्खी बहीण नारळ फोडून येते, मग मी बाकीच्या बायांना कोणत्या तोंडाने अडवू? महेंद्रराव औषधाने बरे झाले. तू वर्षावासाच्या ग्रंथवाचनातून उठून चपला हातात घेऊन निघालीस, ती अजून चालतेच आहेस. पाय दुखले नाहीत का?

नामकरण माघ पौर्णिमेला विहारात करायचं आहे. ये. मी बोलावते आहे.

सत्यभामा


कटंगी
११ जानेवारी

तुळसा,

पवन सांगत होता, तू चिठ्ठी स्टँडवर उभ्याउभ्याच वाचलीस. उत्तर दिलं नाहीस, फक्त त्याला विचारलंस, "पोरगं दूध ओढते का? डोळे उघडते का?" एवढंच. चार वर्षांनी बहिणीला विचारायला तुला हे दोनच प्रश्न सापडले!

बरं, उत्तर देते. दूध ओढतं, पण फार नाही. झोपाळू आहे. दोन घोट घेतले की तोंड सुटतं आणि झोपतं. तळव्याला टिचकी मारून मारून जागं करावं लागतं. लोकेश लहानपणी असाच होता का, मला आठवत नाही. रडणंही फार नाही. पहिल्या दिवशी असं भोकाड पसरलं होतं की दवाखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं, आता बारीक आवाज काढतो, मांजराच्या पिल्लासारखा, आणि लगेच थांबतो. गीता म्हणाली, "नशीबवान आहा बाई तुमी. माह्या नातवानं तर महिनाभर डोळ्याले डोळा लागू दिला नाई." मला कुणी नशीबवान म्हटलं की मी लगेच कामाला लागते. म्हणून उठून लाडू वळायला बसले.

मंडळाच्या बाया येऊन गेल्या. दारातूनच पाहिलं, आत अंधार, शेगडीपुरता उजेड. रंग पाहून सगळ्या म्हणाल्या, बापावर नाही गेलं, आजीवर गेलं. मी काळी आहे हे त्यांना दिसत नाही असं नाही, पण अध्यक्षाला खूश ठेवावं लागतं.

मंजुषा मात्र उगाच घाबरते. काल तिसरा दिवस होता ना. सकाळपासून तिचं चाललं होतं, "आई, दाखवून आणू का? नर्सबाईनं सांगतलं होतं." लोकेश मिलमधून आला तर तोही, "आई, एक बार दिखा देते हैं, क्या जाता है." माझ्या घरात पोरगा माझ्याशी हिंदीत बोलायला लागला की समजावं, तो बायकोच्या बाजूने आहे. मी म्हटलं, मोटारसायकलवर या गारठ्यात कोवळं पोर नेऊन न्यूमोनिया करून आणा, मग दाखवा सगळ्या डॉक्टरांना. थंडी ओसरली की नेऊ.

लंगोट पिवळे होतात, ते हळदीने. मी धुते म्हणून मला माहीत आहे.

डोळे उघडतं. आज संध्याकाळी उघडले होते. पांढऱ्याच्या जागी थोडी झाक वाटली, पण शेगडीच्या उजेडात सगळंच तसं दिसतं. माझे हातसुद्धा.

तू काहून विचारलंस?

सत्यभामा


कटंगी
१३ जानेवारी

तुळसाबाई,

रीतीने आली असतीस तर मी तुझे पाय धुतले असते. चार वर्षांनी बहीण दारात येते आणि चप्पल न काढता बाळंतिणीच्या खोलीत शिरते, ही कुठली पद्धत? माझ्या घरात, माझ्या सुनेसमोर, माझ्या हातातली तेलाची वाटी बाजूला सारलीस. खिडकीतली गोधडी अशी ओढलीस की चौकटीचा खिळा निघाला. तो अजून तसाच आहे, मी ठोकलेला नाही.

"कोमट पाणी आण वं पोरी," असं मंजुषाला म्हणालीस. पाच दिवसांच्या बाळंतिणीला! आणि ती माझ्याकडे न बघता उठली, पाणी घेऊन आली. मी दाराला धरून उभी होते.

बाळाला मांडीवर घेऊन तू धुतलंस. पाणी परातीत पिवळं पडलं. दुसरं घेतलंस, तेही पिवळं. तिसऱ्या वेळी पाणी स्वच्छ आलं. बाळ तसंच होतं.

मग तू खिडकीपाशी गेलीस, त्याच्या छातीवर अंगठा दाबलास आणि उचललास, आणि मला म्हणालीस, "बाई, इकडं ये. पाह्य. हे हळद नोहे." मी आले नाही. मला तिथूनच दिसत होतं. कपाळ, छाती, पोट, पायाचे तळवे. चार दिवस माझ्या हाताखाली ते होतं आणि मी त्याच्यावर रोज आणखी पिवळं चोळत होते.

हे सगळं गीता भिंतीवरून बघत होती, हे तुला सांगायला हवं.

तुझ्या शेजारणीच्या नातवाला दिवाळीनंतर असंच झालं होतं, तोही असाच झोपायचा, म्हणून माझी चिठ्ठी वाचून पहिल्या गाडीत बसलीस, हे सगळं तू लोकेशला सांगत होतीस. मला सांगितलं नाहीस. मी तिथेच होते. जीप आली, मंजुषा बसली, बाळ तुझ्या पदरात. आणि निघता निघता तू काय केलंस? त्याच्या मनगटाला काळा दोरा बांधलास. माझ्या घरात. जातानाही तुझं ते सुटलं नाही! जीव धोक्यात आहे म्हणून आलीस ना, मग डॉक्टरवर विश्वास नव्हता का? दोऱ्याने कावीळ उतरते का? मला त्याचाच राग आला. बाकी कशाचा नाही. काल दिवसभर मी त्याच रागात होते, दुसरं काही सुचू दिलं नाही त्याने.

लोकेशचा फोन आला होता. बालाघाटच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत, निळ्या उजेडाखाली ठेवलंय म्हणे. डॉक्टर काय म्हणाले विचारलं तर, "करून राह्यले ना ते, आई," एवढंच बोलला. तो खरं सांगत नाही. तू सांग. तू कधी गोड बोलली नाहीस, आता तरी त्याचा उपयोग होऊ दे.

उद्यापासून मंडळाच्या बाया आळीपाळीने डबा घेऊन येतील. ही चिठ्ठी डब्याच्या पिशवीत, भाकरीखाली ठेवते आहे.

सत्यभामा


कटंगी
१६ जानेवारी

तुळसा,

तुझा निरोप मिळाला. "आईचं रक्त आणि बाळाचं रक्त आतल्या आत भांडलं. आता सगळं रक्त बदलावं लागते." रचनाने डब्याची पिशवी परत देताना हे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती घाबरून गेली होती. मंडळात सगळ्यांत लहान ती, तिलाही पाचवा महिना आहे.

त्यानंतर काय झालं, ते तुला तिकडून दिसलं नसेल म्हणून लिहिते. ओ निगेटिव्ह पाहिजे असं कळल्याबरोबर मी वॉर्डात घरोघर गेले. कधी वर्गणीला गेले नसेन अशी. लोक दंडावरच्या बाह्या वर करून उभे राहिले, पण त्या रक्ताचं कुणी निघेना. पवनने गाडी तुमसरला उभी असतानाच फोनवर सगळीकडे टाकलं. गीता तिच्या देवीपुढे दिवा लावून बसली. आम्ही माझ्याच घरी परित्राणपाठ सुरू केला. एका भिंतीच्या अलीकडे त्रिशरण, पलीकडे आरती, आणि मी कुणालाच अडवलं नाही. एकदा तर मला कळेना, मी कुठलं ऐकते आहे.

शेवटी लामत्याचा एक शेतकरी, पुनाराम नावाचा, आपल्या ना जातीचा ना ओळखीचा, थंडीत मोटारसायकल काढून बालाघाटला पोचला. त्याला तू पाहिलंच असशील. लोकेश म्हणाला, रक्त देऊन झाल्यावर चहासुद्धा घेतला नाही, फक्त विचारलं, "बच्चा रो रहा है न?" धान झोडपायचं राहिलं आहे म्हणून निघून गेला. मी अशा माणसाचं काय करू, सांग. पाया पडायला तो समोर नाही.

बाया विचारतात, काय झालं, कसं झालं. मी सांगते, रक्ताचं जमलं नाही. ते खोटं नाही. त्याच्यापुढचं मी सांगत नाही. काल पाठ संपल्यावर सगळ्यांनी हात जोडले, तेव्हा गीताच्या सुनेने माझ्या तळहातांकडे पाहिलं. हळदीचा रंग अजून नखांत आहे. मी हात पदराखाली घेतले.

एक सांगायचं नव्हतं, पण सांगते. तू लोकेशला विचारलंस ना, "बाई काहून येत नाई?" मी आले होते. काल दुपारी. गुडघे दुखतात, म्हशीला कोण बघणार, हे सगळं मी लोकेशला सांगते ते त्याच्यासाठी. वॉर्डाच्या काचेपर्यंत आले. मंजुषा पाठमोरी बसली होती, तू तिची वेणी घालत होतीस. पेटीतलं बाळ दिसलं. मान मागे टाकून, पाठ उचलून, ताठ झालं होतं. हात मुठी आवळून बाहेर वळलेले. झोपलेलं बाळ असं नसतं, तुळसा. दोन बाळंतपणं माझी झाली, वॉर्डातली कितीतरी मी केली. मी परत फिरले आणि वारासिवनीच्या गाडीत बसल्यावर मला कळलं, की डबा माझ्याच हातात राहिला.

डॉक्टर लोकेशला म्हणाले, "जान बच जाएगी. बाकी बाद में देखेंगे." लोकेश खुशीत हे सगळ्यांना सांगत फिरतो आहे. बायांनी टाळ्या वाजवल्या.

बाकी म्हणजे काय? तू विचारलंस का?

काळा दोरा असू दे.

सत्यभामा


कटंगी
४ फेब्रुवारी

तुळसा,

परवा रिक्षा दारात थांबली, तू बाळ माझ्या हातात दिलंस आणि त्याच रिक्षाने परत स्टँडकडे गेलीस. चहा ठेवला होता मी. साखर तुझ्या मापाने घातली होती. नंतर तो मीच प्याले, घशाखाली उतरेना इतका गोड.

सगळा वॉर्ड लोटला होता. कुणी झबलं, कुणी स्वेटर, रचनाने आपल्या होणाऱ्या बाळासाठी विणलेली टोपीच काढून दिली. इतकी माणसं आपल्यासाठी रडली, उपाशी राहिली, रक्त द्यायला उभी राहिली, त्यांना काय सांगायचं? मी सांगितलं, पूर्ण बरा झाला. लोकेशने साखर वाटली. तो तीन महिन्यांचा झाला की डॉक्टरांनी कान तपासायला बोलावलंय, हे तू मला दारातच कानाशी लागून सांगितलंस. ते मी आपल्यातच ठेवलं आहे. लोकेशला कागदावर दिसलं असेल, पण त्याने विचारलं नाही. आमच्या घरात न विचारणं फार चालतं.

मागची खोली उघडी आहे. खिडकी दिवसभर उघडी. मंजुषा त्याला साध्या पाण्याने अंघोळ घालते, तेलाचं बोट लावू देत नाही. तोंडाने काही बोलत नाही, "आई" म्हणते, जेवायला वाढते. पण मी बाळाला घेतलं की तिचे हात पुढे तयार असतात, मी खाली ठेवायची वाट बघत. तिला दोष देत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तुझ्यामाझ्यासारख्या भांडणाऱ्या बायांना निदान कळतं तरी, कुठे उभं राहायचं.

दूध चांगलं ओढतो. रंग उजळला. हसल्यासारखं करतो. अंगात मात्र अजून ताठपणा आहे, कुशीत घेतलं तर मावत नाही, मागे ढकलतो. डॉक्टर म्हणाले हळूहळू कमी होईल. होईलच.

झोप गाढ आहे. काल दुपारी मागचं दार आपटलं. मंजुषा स्वयंपाकघरातून धावत आली, "काय पडलं वं माय?" बाळ झोपलं होतं, पापणीही हलली नाही. मी म्हटलं, वाऱ्याने आपटलं.

वारा नव्हता. दार मी आपटलं होतं.

पौर्णिमेला नामकरण आहे. सुजात नाव ठेवायचं मंजुषाने ठरवलंय. तू ये, म्हणजे मी कुणाकडे तरी बघू शकेन.

सत्यभामा


कटंगी
१५ एप्रिल

तुळसा,

सोमवारी ये. आधी हेच लिहिते, म्हणजे पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नकोस. सोमवारी बालाघाटला सुजातचे कान तपासायचे आहेत. सकाळच्या पहिल्या गाडीत पवन तुझी जागा धरून ठेवेल.

नामकरणाला तू आली नाहीस, त्याचा राग नाही. मी इतक्या वेळा बोलावलं ते माझ्यासाठी बोलावलं, हे तुला कळलंच असणार.

काल जयंती होती. या वर्षी वॉर्डातल्या पोरांनी गोंदियाहून डीजे आणला. ट्रकभर भोंगे. मिरवणूक आपल्या गल्लीत शिरली तेव्हा ताटाळ्यातली भांडी वाजायला लागली, कौलांतून माती पडली. म्हशीने खुंटा उपटला. गल्लीतली सगळी लेकरं आयांच्या खांद्याला चिकटून किंचाळत होती, गीताच्या नातवाला तर तिने कान दाबून आत नेलं. मंजुषा सुजातला घेऊन ओट्यावर उभी होती. निळा फेटा बांधला होता त्याला, रचनाने. ट्रक समोर थांबला. पोरं नाचत होती. माझ्या छातीत तो आवाज धक्के देत होता. आणि सुजात तिच्या खांद्यावरून, शांतपणे, उडणाऱ्या निळ्या गुलालाकडे बघत होता.

बाया ओरडायला लागल्या. "पाहा वं पाहा, दचकलासुद्धा नाई! काय धीट पोरगं आहे!" "मरणाच्या दारातून आलेलं आहे ते, त्याले काहाची भीती?" कुणीतरी त्याला उचलून ट्रकच्या अगदी जवळ नेलं. लोकांनी घोषणा दिली. लोकेशने त्याला हातांवर उंच धरलं, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाल्या, "अध्यक्षबाई, नातू वाघ आहे तुमचा." मी म्हटलं, हौ. वाघ आहे. त्यांनी मला गुलाल लावला.

मंजुषाकडे मी पाहिलं नाही. तीही माझ्याकडे बघत नव्हती.

आज दुपारी लोकेश मिलमध्ये गेला. माझं जेवण झालं, मी ताट घासलं, आणि ते ताट आणि पळी हातात घेऊन मागच्या खोलीकडे गेले. एकदा नीट बघून घ्यावं, मंजुषाच्या नकळत, म्हणजे सोमवारी तिला सांभाळता येईल, असं मी ठरवलं होतं. दार ढकललं. सुजात खाटेवर उताणा, पाय झाडत होता. त्याच्या डोक्यामागे मंजुषा उकिडवी बसली होती. तिच्या हातात पितळेची थाळी होती आणि लाटणं.

मी माझं ताट मागे लपवलं. तिने पाहिलं.

"तुमीबी?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "केव्हापासून करून राह्यली वं तू?"

"घरी आणल्यापासून. तुमी दार आपटलं होतं ना, तेव्हा मी तेच करायले येऊन राह्यली होती."

अडीच महिने आम्ही दोघी एकाच घरात, एकमेकींच्या पाठीमागे, त्याला हाका मारत होतो. मी उंबऱ्यावरच बसले. मला वाटलं आता ती बोलेल. हळद, अंधार, तिसरा दिवस, सगळं बोलेल, आणि मी ऐकून घ्यायला तयार होते. खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते. पण तिने थाळी आणि लाटणं माझ्यासमोर धरलं.

"तुमी वाजवा, आई. माह्या हातात जोर नसन."

तुळसा, ते पोर अजून असं समजतं आहे, की जोर कमी पडतो. किंवा तसं समजत नाही, आणि तरी म्हणते. मी थाळी घेतली. सुजातच्या मागे जाऊन बसले. मला वाजवायची नव्हती. पण ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मी वाजवली. एकदा हळू. मग जोराने. मग मला थांबता येईना, सगळा जीव हातात आणून मी वाजवत सुटले, खोली घुमायला लागली, माझेच कान बधिर झाले, आणि तो आपला आईच्या तोंडाकडे बघून पाय झाडत होता. तिने हसावं म्हणून वाट बघत होता. मग ती हसली.

भिंतीवरून गीताचा आवाज आला, "काय झालं वं सत्यभामाबाई? काहून वाजवता?"

"मांजर आलती," मंजुषा ओरडून म्हणाली. तिचा आवाज नीट होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडे गीताचा नातू दचकून उठला आणि रडायला लागला. चांगला मोठ्याने, भरल्या गळ्याने. गीता त्याला थोपटत होती, तो काही केल्या थांबेना. मंजुषा माझ्या शेजारी येऊन खाली बसली, आणि आम्ही दोघी त्याचं रडणं ऐकत राहिलो.

सत्यभामा